बदली खेळाडू

“...पण मंग भीती जाते कशी, सर? तेवढं सांगा नं.”

शार्दूल भोंगाडेनं त्या दुपारी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. दंढारे सरांनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. ते तांदूळ निवडत होते.

मे महिना. आमच्या गावाबाहेर वेणा नदीच्या काठी एक छोटा मठ आहे, त्याच्या पत्र्याच्या पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. नदीत पाणी नावालाच. पंखा फिरत होता, तो गरम हवा इकडची तिकडं करण्यापुरता.

दंढारे सर म्हणजे आमच्या गावाला बास्केटबॉलचं वेड लावणारा माणूस. तीसेक वर्षं शाळेत पीटी शिकवली, बायको गेल्यावर मठातल्या एका खोलीत येऊन राहिले. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं. महाराजांनी एकदा विचारलं, “सर, तुम्ही इथं साधना कोणती करता?” तर म्हणाले, “तांदूळ निवडतो.”

आता वय बहात्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खडा दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपून काढायचे. एका ताटाला तास लागायचा. लागू दे.

मी कुंभारे. गावच्या क्रीडा मंडळाच्या सामन्यांत टेबलावर बसून स्कोअरशीट लिहितो, पस्तीस वर्षं झाली. रोज दुपारी सरांना पेपर वाचून दाखवायला जातो. मला त्या दिवशी शार्दूल आल्याचा आनंद झाला होता, हे आधीच कबूल करतो. एवढा मोठा खेळाडू, आणि दुखरा पाय घेऊन जुन्या गुरूला भेटायला आला... माझं मन भरून आलं होतं.

शार्दूल सहा फूट पाच इंच. वय सत्तावीस. मंडळाचा कप्तान. सरांनीच त्याला नवव्या वर्षी पहिल्यांदा बॉल धरायला शिकवला. डाव्या पायाला घोट्यापासून वर क्रेप बँडेज, पाय लांब करून बसलेला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“झोप येते का?” सरांनी विचारलं.

“नाही येत.”

“मलेही नाही येत,” सर म्हणाले आणि पुन्हा ताटाकडे वळले.

*

काय झालं होतं ते सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी नागपूरला लीगच्या प्लेऑफचा शेवटचा, निर्णायक सामना झाला. आम्ही एका गुणानं मागे. घड्याळात दोन सेकंद. शार्दूल उडी घेऊन बॉल टाकायला गेला, समोरच्यानं धक्का दिला, शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो.

फ्री थ्रो म्हणजे कोणी अडवणार नाही, कोणी अंगावर येणार नाही. रेषेवर उभं राहायचं आणि बॉल रिंगमध्ये टाकायचा. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर करंडक आमचा. त्या दिवशी एकट्या शार्दूलनं चौतीस गुण केले होते. मी टेबलावर बसल्या बसल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती.

पण शार्दूल उठलाच नाही. घोटा धरून पडून राहिला. दोघांनी उचलून त्याला बाहेर नेलं.

आमच्या खेळाचा नियम असा, की ज्याला फाउल झाला त्यानंच फ्री थ्रो घ्यायचे. तो जखमी होऊन बाहेर गेला, तरच त्याच्या जागी येणाऱ्या बदली खेळाडूनं.

बदली म्हणून आला सुखदेव उईके. वीस वर्षांचा मुलगा, गिरडच्या पुढं जंगलाला लागून त्याचं गाव. सरावात शंभरातले पंच्याऐंशी टाकायचा, म्हणून कोचनं त्याला उठवलं. पण सुखदेव त्या दिवशी पूर्ण वेळ बाकावर बसून होता. अंग गार पडलेलं. ट्रॅकपँट काढायला गेला तर नाडीला गाठ. ती सुटेना. दोन हजार लोक हसले.

पहिला बॉल रिंगला लागून बाहेर आला. दुसरा रिंगला लागलाही नाही.

शार्दूल बाहेर बर्फ लावून बसला होता. तोंडावर टॉवेल. ते बघून मी पेन खाली ठेवलं आणि रडलो. साठीला आलेला माणूस, सगळ्यांसमोर रडलो.

आमच्या स्कोअरशीटवर चुकलेला फ्री थ्रो लिहीत नाहीत. पडला तरच ठिपका काढायचा. त्यामुळे सुखदेवच्या नावापुढं मी काहीच लिहिलं नाही. पण गाव काही कागद बघून बोलत नाही.

गावाला एक वाईट खोड आहे. १९७४ साली आंतरविद्यापीठ फायनलमध्ये, जबलपूरला, दंढारे सरांनी शेवटच्या क्षणाचे दोन्ही फ्री थ्रो चुकवले होते. त्यानंतर गावात ऐन वेळी कोणाचं काही फसलं की लोक म्हणायला लागले, “याचा दंढारे झाला.” पोरगं शेवटच्या पेपरात नापास झालं, दंढारे झाला. ठरलेलं लग्न साखरपुड्याला मोडलं, दंढारे झाला. ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही तेही म्हणायचे. पन्नास वर्षं. सर समोर असले तरी तोंडातून निघून जायचं, मग लोक जीभ चावायचे. सर म्हणायचे, “चालू द्या.”

गेल्या तीन आठवड्यांत ते बदललं. आता गावात म्हणतात, “उईके झाला.”

ही बातमी मी मोठ्या खुशीत सरांना सांगितली होती. सर, सुटलात तुम्ही, म्हणालो. त्या दिवशी सर जेवले नाहीत. मला वाटलं, ऊन बाधलं.

सुखदेव दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला. फोन उचलत नाही. सोमवारपासून राज्य संघाचं शिबिर. मंडळानं पाठवायच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं होतं. यादीत पहिलं नाव होतं शार्दूल भोंगाडे, पायावर उपचार चालू, असं लिहून.

आणि तो शनिवार होता.

*

“सर, हे पाहा.”

शार्दूलनं मोबाईल पुढं केला. त्यात अमेरिकेतले मोठमोठे खेळाडू होते, ज्यांच्या नावाचे बूट दुकानात मिळतात ते. सगळे प्लेऑफच्या शेवटच्या मिनिटातले. कोणाच्या हातून बॉल निसटतोय, कोणाचा अगदी सोपा बॉल रिंगवर आपटून वर उडतोय, कोणी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा आहे.

“मले दिसत नाही,” सर म्हणाले. “तू सांग.”

“तीन आठवडे हेच पाहून राह्यलो, सर. एवढे मोठे खेळाडू. सीझनभर कोणाले ऐकत नाहीत. अन् ऐन वेळी यांचेही हात कापतात.”

“कापतात.”

“म्हणजे हे सगळ्यांचंच होते.”

“होते. आपला गजभिये आठवते का तुले? कुंभारे, तुमाले आठवते.”

मला आठवत होता. अमरावतीच्या फायनलमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत त्यानं चार वेळा पाणी मागितलं, आणि पाचव्या वेळी बॉल समोरच्या संघाच्या हातात दिला. कल्याणी सहारेही आठवली. आमच्या मुलींच्या संघातली सगळ्यात धीट पोरगी, सेमीफायनलच्या आधी बाथरूममध्ये उलट्या करत बसली. बाहेर आली, खेळली, बारा बॉल टाकले, एक पडला. अशी माणसं मी टेबलावरून पाहिली आहेत. त्यांची कीव यायची मला.

“ह्या मोबाईलमधले,” सर म्हणाले, “हुकले तेव्हा कुठं होते?”

“कुठं म्हणजे?”

“कुठं होते?”

“मैदानात होते, सर.”

“आत.”

“हाव. आत.”

सरांना एक खडा सापडला. तो त्यांनी बोटांत फिरवून बघितला आणि पडवीबाहेर टाकला.

शार्दूलनं मोबाईल खिशात ठेवला. मला वाटलं, सर आता त्याला काहीतरी धीराचं सांगतील. एवढ्या उन्हात आलाय बिचारा.

“पाय कसा आहे?”

“आहे तसाच.”

“दुखते?”

“...मधूनमधून.”

“आण इकडं.”

“राहू द्या, सर.”

“आण.”

शार्दूल हलला नाही. मग सरांनीच ताट बाजूला सारलं, सरकत पुढं आले आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला.

मी उठून उभा राहिलो. आमच्याकडं गुरूच्या पायाला हात लावतात. गुरूनं शिष्याचा पाय मांडीवर घेतलेला मी कधी पाहिला नव्हता. बहात्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांना दिसत नाही, आणि त्या पोराची टाच त्याच्या धोतरावर.

“सर, नका! पाय नका धरू.”

“बस गुपचूप.”

सर बँडेजचं टोक शोधायला लागले. बोटांनी चाचपून त्यांनी क्लिप काढली. एक वेढा सोडवला. दुसरा. सोडवता सोडवता मांडीवर दाबून गुंडाळत होते. खेळाडूंची बँडेजं गुंडाळायची त्यांची जुनी पद्धत तशीच होती. घाई नाही.

“सर... सोडा नं, सर.”

तिसरा वेढा.

शार्दूलचा चेहरा वाकडा झाला. पाय ओढून घ्यावा तर सर तोल जाऊन पडतील, म्हणून ओढताही येईना. त्यानं दोन्ही हात जमिनीला टेकले.

“सर, पायाले काही नाही झालं.”

सरांची बोटं चालूच होती.

“काहीच नाही झालं होतं. धक्का लागला, पडलो. पडल्यावर उठता येत होतं मले. नाही उठलो.”

चौथा वेढा.

“मुरगळला म्हणून सांगितलं. कोणाले शंकाही नाही आली. कोच रडत होता. तेव्हापासून लंगडून राह्यलो, सर. घरात लंगडतो. आईसमोर लंगडतो. न्हाणीघरात एकटा असतो तरी...”

बँडेज संपलं. पायावर त्याचे वळ उमटले होते, तेवढंच. सूज नाही, काळंनिळं नाही. धडधाकट पाय.

मला काय वाटलं ते सांगतो. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि लगेच आठवलं, परवा चहाच्या टपरीवर दूध नासलं, तर टपरीवाल्याला मीच हसत म्हणालो होतो, “तुझा उईके झाला.” मी, पस्तीस वर्षं टेबलावर बसलेला माणूस. मी खाली बसलो.

सरांनी गुंडाळलेलं बँडेज शार्दूलच्या हातात दिलं. पाय मात्र मांडीवरून खाली ठेवला नाही.

“काहून?” एवढंच विचारलं.

“भीती वाटली.”

“कशाची? हरायची?”

“नाही.”

“मंग?”

शार्दूल पत्र्याकडे बघत होता.

“सांग.”

“नाही सांगता येत, सर. तुमाले नाही सांगता येत.”

“मी लय थकलो, बापू,” सर म्हणाले. “तुझ्यावर ओरडायची ताकद नाही माझ्यात. जे आहे ते सांग अन् मोकळा हो.”

“पडलो तेव्हा समोर रेषा दिसली,” शार्दूल म्हणाला. “अन् तुम्ही आठवले.”

सरांनी मान वर केली.

“बाबांनी मले पहिला बॉल आणून दिला, तेव्हा म्हणाले, खेळ, पण दंढारे होऊ नको. मी नऊ वर्षांचा होतो. अर्थही नव्हता माहीत. मंग तुमच्याकडंच शिकाले आलो. तुम्ही किती जीव लावला. अन् बाजारात तुमच्यासोबत गेलो की लोक मागून हसत. तुमाले ऐकू यायचं, मले दिसायचं. तुम्ही म्हणायचे, चालू द्या. मले नाही चाललं, सर. तिथं पडल्यापडल्या वाटलं, आता चुकलो तं पन्नास वर्षं... मी तुमच्यासारखा व्हायले भ्यालो.”

हे बोलून त्यानं तोंड फिरवलं.

मी सरांकडं बघायचं टाळलं. मठाच्या मागं कोणीतरी बादली आपटली.

सरांनी शार्दूलचा पाय हळूच उचलून खाली ठेवला. त्यावरून एकदा हात फिरवला.

“बरं झालं सांगितलं,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. त्यांना लागलं होतं. लागणार नाही तर काय.

“सर, मी...”

“थांब.” त्यांनी तांब्या चाचपला, पाणी प्यायले, उरलेलं तोंडावर मारलं. “जबलपूरले दोन्ही चुकल्यावर मी काय केलं, माहीत आहे तुले?”

“नाही.”

“पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही. सारे चुकल्याचंच सांगतात.”

“काय केलं, सर?”

“जेवलो. मेसमध्ये वांग्याची भाजी होती. मंग गाडीत बसलो. इटारसीपर्यंत रडलो, मंग झोप लागली. घरी आलो. आईनं विचारलं, जिंकले का? म्हटलं, नाही, माझ्या हातून गेलं. दुसऱ्या दिवशी उठून मैदानात गेलो.”

“बस?”

“बस. वाईट वाटलं. अजूनही वाटते एखाद्या दिवशी. पण माझं होतं ते. माझ्याच घरी राह्यलं. दुसऱ्याच्या घरी नाही गेलं.”

शार्दूलच्या हातातलं बँडेज सुटून जमिनीवर लांब पसरलं. त्यानं ते उचललं नाही.

*

“मी खेळ सोडतो, सर.”

शार्दूल आता ताठ बसला होता. आवाजात जोर आला होता.

“सोमवारी शिबिराले जात नाही. कप्तानी देऊन टाकतो. पुन्हा बॉलले हात लावणार नाही. हीच माझी शिक्षा.”

बोलताना त्याची मान वर झाली होती. एवढा वेळ रडणारा माणूस पुन्हा मंडळाच्या पोस्टरमधला शार्दूल दिसायला लागला. मला आधी ते पटलंही. एवढा मोठा खेळाडू, ऐन भरात सगळं सोडून देतोय...

“लोकांले काय सांगशील?” सरांनी विचारलं.

“सांगन... की आता जमत नाही.”

“काय जमत नाही?”

शार्दूलनं डावा पाय जवळ ओढला.

“पाय?”

“...तसंच समजतीन लोक.”

“मंग?”

मंग काय, ते मलाही दिसलं. मंडळ सत्कार ठेवणार. हार, शाल, श्रीफळ. पायानं दगा दिला नसता तर पोरगा कुठल्या कुठं गेला असता, असं आमदार बोलणार. आणि शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणणार, त्या उईकेनं घालवलं सगळं.

“पुन्हा बाहेर चालला,” सर म्हणाले.

“नाही, सर, मी तं शिक्षा...”

“पडला, उठला नाही, दोघांनी उचलून बाहेर नेलं. तेच करून राह्यला तू. बर्फ लावून बसशील. अन् आत कोण राह्यलं? तो पोट्टा. नाडीची गाठ सोडवत.”

शार्दूलची मान खाली गेली. या वेळी ती बराच वेळ वर आली नाही.

“मंग मी करू काय?” त्यानं विचारलं. “खेळू तं खोटं. सोडू तं खोटं. भीती जाते कशी ते विचाराले आलो होतो मी.”

“मले काय माहीत?”

“म्हणजे?”

“माझी गेली नाही. जबलपूरले जाण्याआधी होती, नंतरही होती. शाळेत पोट्ट्यांचे सामने असायचे, तरी आदल्या रात्री झोप यायची नाही. तुले खोटं काहून सांगू?”

शार्दूल त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला वाटत होतं सरांजवळ काहीतरी आहे, ते आज मिळेल. मलाही पस्तीस वर्षं तसंच वाटत आलं होतं.

“लोक आता दंढारे म्हणत नाहीत, सर,” तो हळू आवाजात म्हणाला. “तेवढं तं...”

“कुंभारेंनी सांगितलं.”

“सुटले नं तुम्ही.”

“मले परत पाहिजे ते.” सर पहिल्यांदा चिडून बोलले. “वीस वर्षांचं पोरगं. त्याले काय येते हे सांभाळता? माझं मी वापरून वापरून मऊ केलं होतं. आता कोणाले हसू येते, कोणाले येतही नाही. त्याच्या गावात, त्याच्या मायसमोर, हे नवं कोरं नाव घेऊन तो बसला आहे. अन् त्याचं नाही ते. माझंही नाही.”

कोणाचं ते शार्दूलला सांगायची गरज नव्हती.

सरांना दम लागला. त्यांनी भिंतीला पाठ टेकवली, डोळे मिटले. मला भीती वाटली. एवढं ऊन सोसायचं हे वय नव्हे.

“कुंभारे,” डोळे मिटूनच ते म्हणाले, “गिरडची बस कितीची आहे?”

“साडेचारची.”

“आता?”

“पावणेचार झाले.”

“माझी गाडी आहे, सर,” शार्दूल म्हणाला. “बाहेर उभी आहे.”

“गाडी राहू दे इथंच. बसनं जा.”

“स्टँडवर सारं गाव असते.”

“असते.”

“मले चालताना पाहतीन.”

“पाहू दे.”

शार्दूलनं पडवीच्या खांबाला धरलं आणि उठला. चपला घातल्या. सरांच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पाठीवर ठेवला. मग तो फाटकाकडे निघाला, आणि चार पावलांवर थांबला.

डावा पाय ओढत होता.

“पाय ऐकत नाही, सर.” तो हसायला गेला, पण जमलं नाही. “सवय झाली.”

“होते. हळूहळू चाल.”

तो पुन्हा निघाला. मुद्दाम टाच टेकवत, एकेक पाऊल. लहान मूल चालतं तसा. मी कधी त्याच्याबरोबर उठलो ते मला कळलं नाही. स्टँडपर्यंत सोबत करावी असं वाटलं. सरांनी मान हलवली. मी परत बसलो.

फाटकाशी जाऊन शार्दूल वळला. ऊन थेट तोंडावर होतं त्याच्या.

“सर.”

“बोल.”

“आधी त्याच्या घरी जातो, मंग मंडळात सांगतो सोमवारच्या आत. सगळं सांगतो. पण...” त्यानं फाटकाची कडी घट्ट धरली होती. “सुखदेव मले माफ करन का? अन् हे ऐकल्यावर गाव मले पुन्हा मैदानात उभं राहू देईन का?”

सरांनी तांदळाचं ताट मांडीवर ओढलं. बोटं तांदळावरून फिरवली, पण निवडायला सुरुवात केली नाही.

“दोन्ही चुकले तरी चालते,” ते म्हणाले. “पण टाकजो तूच.”